शब्बाथाचा तुरघ

लुइस बेटाच्या उत्तर टोकाला, जिथे जमीन संपते पण वारा काही संपत नाही, तिथल्या क्रोस्ताल गावात तोर्किल नावाचा एक विणकर राहायचा. गावात त्याला कोणी तोर्किल म्हणत नसे. त्यांच्या गेलिक भाषेत त्याला जे टोपणनाव पडलं होतं त्याचं मराठी करायचं तर ‘मुळ्या’ असं होईल. कारण एकच, बाबाला शब्दांची मुळं उकरायचा नाद. तुम्ही त्याच्याकडे काडेपेटी मागायला जावं, तर आधी आगीच्या शब्दाचं मूळ, मग काडेपेटी. तोवर तुमची चूल शेजारणीनं पेटवून दिलेली असायची.

हवामानाचे शब्द हा त्याचा खास प्रांत. त्यात त्याचा फारसा दोष नाही, त्या बेटावर हवामानाशिवाय दुसरं घडतं काय! धुकं आणि धूर या दोघांना तिथे एकच शब्द आहे. तोर्किल सांगायचा की समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या लोकांच्या चुली पेटल्या की वर येतो तो धूर म्हणजे आपलं धुकं. पाणी आणि पाऊस यांनाही एकच शब्द. त्यावर त्याचं म्हणणं असं, की आपल्या पूर्वजांना पावसानं वेगळं नाव ठेवण्याइतकी उसंतच दिली नाही. त्याची शंभरातली नव्वद मुळं अशी चुलीपाशी बसून शिजवलेली असत. गाव ऐकायचं, हसायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं.

एका शब्दाचं मूळ मात्र त्यानं खरंच धरलं होतं. तो शब्द ‘तुरघ’. पावसात जी उघडीप मिळते तिला हे लोक तुरघ म्हणतात. तोर्किलचं म्हणणं होतं, तुरघ आणि तहानेसाठीचा त्यांचा ‘तार्त’ हे एकाच मुळाचे दोन फुटवे आहेत. मूळ अर्थ कोरडेपणा. आभाळ कोरडं झालं की तुरघ, घसा कोरडा झाला की तहान. गावाला हे सगळ्यांत जास्त हास्यास्पद वाटायचं. ‘‘इथे मेंढीसुद्धा पिळून मग कातरावी लागते, आणि हा म्हणतो तहान!’’ पण भाषा जाणणारी मंडळीही तेच सांगतात. जमिनीसाठीचा त्यांचा जुना शब्दही त्याच मुळाचा आहे, अगदी वेल्स आणि आयर्लंडपर्यंत. पाण्याबाहेर जे कोरडं उरलं ती जमीन. आणि गंमत म्हणजे आपली तृषा, आपली रोजची तहान, हीही त्याच मुळाची. तोर्किलला हे ठाऊक नव्हतं ते बरंच झालं. असतं तर त्यानं एकेकाला आणखी तासभर धरून ठेवलं असतं.

आता गोर्मलबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय तोर्किलची गोष्ट म्हणजे उभ्या धाग्यांशिवाय कापड.

गोर्मल त्याच्याच वयाची, एका बाकावर बसून शिकलेली, आणि आता त्याच्यापासून चौथ्या घरात राहणारी विधवा. पोरगी असताना ती बेटावरच्या इतर मुलींसारखी हेरिंग मासळी साफ करायच्या कामाला दूर दक्षिणेतल्या बंदरांवर जायची. एका वर्षी ती निघाली तेव्हा तोर्किल तिला पोचवायला स्टॉर्नोवेच्या धक्क्यावर गेला. तिला काय विचारायचं ते त्यानं सगळा हिवाळा घोकून ठेवलं होतं. धो धो पाऊस, दोघं एका छपराखाली. बोट सुटायला वेळ होता. तेवढ्यात पाऊस थांबला. ‘‘तुरघ झाला बघ,’’ गोर्मल म्हणाली. झालं! आमच्या या शहाण्यानं तुरघ या शब्दाचं मूळ सांगायला सुरुवात केली. सांगत राहिला, सांगत राहिला, आणि बोटीनं भोंगा दिला. गोर्मल गेली ती हंगाम संपवून आली तेव्हा एका खलाशाशी तिचं लग्न ठरलेलं होतं.

तोर्किलनं लग्न केलं नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पायांनी माग हाणत ट्वीडचं लोकरी कापड विणायचा, आणि रविवारी चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचा. त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन नसतो, वाद्य म्हणून काही नसतं. एक जण पुढे बसून स्तोत्राची ओळ आधी एकटा गातो, आणि मग सगळी मंडळी ती ओळ आपापल्या गळ्यानं उचलते. पुढे बसण्याचा हा मान तोर्किलचा होता. बोलताना दहा फाटे फोडणारा हा माणूस गाताना मात्र सरळ वाटेनं जायचा. त्याच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण तो ऐकताना लोक आपलं दुखणं विसरायचे, असं गाव सांगतं. त्याला आयुष्यात मिळालेली मोठी गोष्ट म्हणजे ती पुढची खुर्ची. दुसरी म्हणावी तर चौथ्या घरातल्या धुराड्याचा धूर, जो तो रोज सकाळी उठल्यावर आधी पाहायचा.

एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमाराचा तो उन्हाळा. उन्हाळा म्हणायचा तो आपला कॅलेंडरच्या भिडेखातर. मे महिन्यात सगळ्या गावानं माळावर जाऊन पीट कापून ठेवलं होतं. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापायची, माळावर पसरून वाळवायची, आणि वर्षभर चुलीत तीच जाळायची, असा त्यांचा रिवाज. विटा जरा वरून सुकल्या की उचलून उभ्या करायच्या, त्यांच्या छोट्या उडव्या रचायच्या. एकदा रचल्या की वरून पाऊस पडला तरी पाणी निथळून जातं आणि वारा मधून फिरतो. जमिनीवर पडून राहिल्या तर पुन्हा चिखल. त्या वर्षी जुलै उलटत आला तरी विटा पडूनच होत्या.

गोर्मल एक दिवस कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, ‘‘तोर्किल, यंदा पीट हाती लागलं नाही तर मी जाते बाबा ग्लासगोला.’’

‘‘कशाला?’’

‘‘कशाला काय विचारतोस? जावई पोलिसात आहे, दोन खोल्या आहेत, गॅसची शेगडी आहे. बटण पिरगाळलं की झालं. मुलगी तीन वर्षं मागे लागलीय.’’

‘‘गॅस,’’ तोर्किल म्हणाला, ‘‘हा शब्द मुळात...’’

‘‘मेल्या, एक शब्द बोलू नकोस!’’ गोर्मल म्हणाली आणि आत निघून गेली.

तोर्किल कुंपणाला धरून तिच्या धुराड्याकडे बघत राहिला. ग्लासगोला गेलेलं माणूस परत कसं येतं ते त्या गावाला माहीत होतं. एक तर येत नाही, आणि आलं तर शवपेटीतून येतं. त्यानं आपल्या विटांची काळजी सोडली आणि गोर्मलच्या विटांसाठी आभाळाकडे डोळे लावून बसला. एक दिवस, फक्त एक कोरडा, वाऱ्याचा दिवस हवा होता.

त्याऐवजी वादळ आलं. बुधवारपासून असं झोडपायला लागलं की घराबाहेर डोकं काढायची सोय राहिली नाही. तोर्किल शेडमध्ये माग हाणत बसला. आता त्याचं असं होतं, की एकट्या माणसाला वार कळतो तो दुसऱ्याच्या येण्याजाण्यानं. गिरणीची लॉरी विणलेलं कापड न्यायला आली की शुक्रवार. त्या आठवड्यात ओढ्यानं रस्ता खाल्ला, लॉरी आली नाही. म्हणजे तोर्किलच्या लेखी शुक्रवार उगवलाच नाही. तो लॉरीची वाट पाहत विणत राहिला, थकला की झोपला, उठला की पुन्हा विणायला लागला.

आणि एका पहाटे तो जागा झाला तो शांततेनं. पत्र्यावर थेंब नाही. दार उघडलं तर आभाळ धुऊन काढलेलं, पूर्वेचा कोरडा वारा. तुरघ!

फार तर शनिवार असेल असं धरून तो निघाला. खिशात जवाच्या भाकरीचा तुकडा आणि चीज. गाव झोपलेलं होतं. माळ गावाच्या वरच्या अंगाला, दूरवर. तिथे पोचून त्यानं गोर्मलच्या विटांना हात घातला आणि मग वर पाहिलंच नाही. वाकायचं, उचलायचं, रचायचं. वारा विटांच्या अंगावरून फिरत होता आणि त्या बघता बघता करड्या पडत होत्या. तोर्किल गुणगुणायला लागला. स्तोत्रच गुणगुणत होता, तेवढं तरी बरं.

सूर्य चांगला वर आला तेव्हा पाठ सरळ करायला तो उभा राहिला आणि त्याला खालच्या रस्त्यावर काळे कोट दिसले. लोक ओळीनं चालले होते. ‘अरे देवा, कोण गेलं?’ असं मनात म्हणून त्यानं टोपी काढली. गावात म्हातारे तीन-चार होते, तो एकेकाला आठवायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की ओळीत बायकाही आहेत. हॅट घातलेल्या, हातात बायबल घेतलेल्या बायका. आणि त्या बेटावर अंत्ययात्रेबरोबर बायका चालत नाहीत.

अंत्ययात्रा नव्हती. गाव चर्चला निघालं होतं. आज रविवार होता, त्यांचा शब्बाथ, देवानं फक्त विश्रांतीसाठी आणि प्रार्थनेसाठी राखलेला वार.

तोर्किलच्या हातातली वीट तशीच राहिली. शब्बाथाच्या दिवशी तिथे कोणी बटाटासुद्धा सोलत नाही, ते शनिवारी सोलून पाण्यात ठेवतात. दोरीवर चुकून राहिलेला मोजा सोमवारपर्यंत दोरीवरच लटकतो. आणि स्तोत्र उचलणारा माणूस मंडळीसमोर भर उन्हात पीट रचत उभा! ओळीतल्या एका निळ्या पिसाच्या हॅटवर त्याची नजर गेली. ती हॅट गोर्मलची. हॅट वर वळली, थांबली, आणि मग जरा जास्तच ताठ होऊन चालू लागली.

अजून वेळ होता. वीट टाकायची, घरी पळायचं, कोट चढवायचा, हात जोडून माफी मागायची. वार विसरला म्हणून लोक आठवडाभर हसले असते आणि मग विसरले असते. तोर्किलनं पश्चिमेकडे पाहिलं. समुद्रावर ढगांची कड दिसायला लागली होती. निम्म्या विटा अजून जमिनीवर होत्या.

तो तिथे उभा राहिला, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात कुठल्याही शब्दाचं मूळ आलं नाही. मग तो वाकला आणि पुढची वीट उचलली.

शेवटची उडवी रचून तो घरी पोचला तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती.

इकडे चर्चमध्ये काय झालं ते त्याला सोमवारी सकाळी याखननं सांगितलं. याखन म्हणजे त्याचा लहानपणचा मित्र आणि चर्चच्या पंचांपैकी एक; या पंचांना तिथे वडील म्हणतात.

‘‘तुझी खुर्ची रिकामी. आम्ही वडील आधीच आत बसलेलो, आम्हाला वाटलं तू मेलास,’’ याखन म्हणाला. ‘‘खरं सांगतो, मला वाईटसुद्धा वाटायला लागलं होतं. म्हटलं चांगला होता बिचारा, बोलायचा फार. तेवढ्यात वरच्या खिडकीतून बघतो तर तू माळावर! आणि पाळकसाहेबांनी स्तोत्र कोणाला उचलायला लावलं माहीत आहे? मला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. दुसऱ्या ओळीनंतर माझ्यामागे कोणी आलंच नाही. एकटाच गेलो शेवटपर्यंत.’’ याखननं त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. ‘‘उद्या संध्याकाळी वडिलांची बैठक आहे. तुला बोलावलंय. सरळ सांग, वार चुकला. सगळ्यांना ठाऊक आहे लॉरी आली नाही ते. मिटेल.’’

याखन गेला आणि गोर्मल आली. डोक्यावर शाल, शालीवरून पाणी निथळतंय, आणि चेहऱ्यावर असा राग की तोर्किल मागाच्या आडच गेला.

‘‘बाहेर ये! कोणी सांगितलं होतं तुला?’’

‘‘गोर्मल, मला वाटलं शनिवार...’’

‘‘आणि आम्ही खालून चाललो होतो ते काय शनिवारचे फिरायला निघालो होतो? मी पाहिलं तुला. तूही मला पाहिलंस.’’

तोर्किल मागाआडून बाहेर आला.

‘‘ऐक. शब्बाथाला उचललेलं पीट माझ्या चुलीत जळणार नाही. एक वीटसुद्धा नाही. माझ्या आईनं ती चूल राखली, तिच्या आईनं राखली. मी गारठून मरेन, पण ते जाळणार नाही.’’

‘‘मग तू ग्लासगोला...’’

‘‘मग काय करू? तूच सांग! ओलं असतं तर निदान वाट तरी पाहिली असती. आता सगळ्या गावात वाळलेलं पीट एकटीचं माझं, आणि मला त्याला हात लावायची सोय ठेवली नाहीस तू!’’ ती वळली आणि पावसात निघून गेली.

तोर्किल स्टुलावर बसून राहिला. तिनं राहावं म्हणून जे केलं त्यानंच तिचं जाणं पक्कं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक झाली. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयानं लहान, पण माणूस समजूतदार. पाच वडील काळ्या कोटांत बसलेले. तोर्किल समोर उभा.

‘‘तोर्किल,’’ पाळकसाहेब म्हणाले, ‘‘तुम्हाला वार कळला नव्हता, असं याखन म्हणतात.’’

याखन पाळकसाहेबांच्या मागून मान जोरजोरात हलवत होता.

‘‘लोक रस्त्यावर दिसेपर्यंत कळला नव्हता,’’ तोर्किल म्हणाला. ‘‘दिसल्यावर कळला.’’

‘‘आणि मग तुम्ही थांबलात.’’

‘‘नाही साहेब. मग अर्धं राहिलेलं पुरं केलं.’’

याखननं कपाळाला हात लावला. पाळकसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. ‘‘शब्बाथाला दोन कामं चालतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अडीनडीचं आणि दयेचं. एका विधवा बाईचं जळण वाया जाऊ नये म्हणून कोणी राबला, तर त्याला दया म्हणता येईल. तसं होतं का?’’

केवढं मोठं दार उघडून दिलं होतं त्यांनी! नुसतं हो म्हणायचं होतं.

‘‘दया दुसऱ्यासाठी करतात साहेब,’’ तोर्किल म्हणाला. ‘‘मी माझ्यासाठी केलं. पीट बुडालं असतं तर गोर्मल गेली असती. ती गेली तर मी सकाळी उठून बघायचं कुणाकडे? एवढंच होतं. दयाबिया काही नव्हती.’’

एका वडिलांनी खूप मोठ्यानं नाक शिंकरलं.

निकाल लागला तो असा, की नवं वर्ष येईपर्यंत तोर्किलनं पुढच्या खुर्चीवर बसायचं नाही. तो मान खाली घालून ‘बरं’ म्हणाला. बाहेर आल्यावर याखन त्याला म्हणाला, ‘‘गाढवा, सगळा जन्म खोटी मुळं सांगितलीस, आज एक दिवस खोटं बोलता आलं नाही तुला?’’ आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घरापर्यंत सोडून आला.

वडिलांच्या बैठकीतलं बाहेर जात नाही असं म्हणतात. त्या गावात ते खरंही आहे. पण वडिलांना बायका आहेत, आणि बायकांना शेजारणी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चौथ्या घरी पोचलं होतं.

संध्याकाळी दारावर थाप पडली. तोर्किलनं उघडलं तर गोर्मल. हातात विणकामाची टोपली आणि किटली.

‘‘ते पीट माळावरून उचल आणि इथे आण,’’ ती आत येत म्हणाली. ‘‘तू रचलंस, ते तुझं. तुझ्या घराशी गंजी कर आणि तुझ्या चुलीत जाळ. पाप तुझं, जळणही तुझं.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी बायबल काढून बसले होते दुपारपासून. दहाही आज्ञा वाचल्या. शेजाऱ्याच्या विस्तवापाशी बसू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.’’ तिनं चुलीजवळची खुर्ची ओढली, तिच्यावरची त्याची टोपी उचलून खुंटीला लावली आणि बसली. ‘‘रोज संध्याकाळी येईन. माझ्या घरी आहे नाही ते ओलंसुकं सकाळपुरतं पुरेल. चहा मात्र माझा आणेन. तुझा चहा म्हणजे शब्बाथ मोडण्याहून मोठं पाप आहे.’’

‘‘लोक काय म्हणतील, गोर्मल?’’

‘‘म्हणायचं ते त्यांनी आज दुपारीच म्हणून घेतलंय. आणि पाळकसाहेबांना थंडी वाजली तर त्यांनाही बोलाव.’’

‘‘म्हणजे ग्लासगोला...’’

‘‘मुलीला कळवून टाकलं. गॅसचा वास मला सोसत नाही.’’

तोर्किल उभाच होता. बसावं कुठे ते त्याला सुचेना, कारण घरात चुलीजवळ खुर्ची एकच होती. शेवटी तो लाकडाच्या पेटीवर बसला. गोर्मलच्या सुया चालू लागल्या. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता, मग वाजायचा थांबला. दोघांनीही वर पाहिलं.

‘‘तुरघ,’’ गोर्मल म्हणाली.

तोर्किलनं तोंड उघडलं आणि मिटलं.

‘‘का? आज मूळ नाही?’’ तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. ‘‘सगळ्या गावाला सांगितलंस, तुरघाचं मूळ तहान आहे म्हणून. मी हसत आले इतकी वर्षं. पण आज दुपारपासून एक विचारायचं आहे. त्या दिवशी धक्क्यावर, बोट सुटायची वेळ झालेली, मी तिकडे तोंड करून उभी, आणि तू तहानेबद्दल बोलत सुटलास. ते मला का सांगत होतास?’’

तोर्किलनं चिमट्यानं चुलीतला विस्तव सारखा केला.

‘‘तहान लागली होती म्हणून,’’ तो म्हणाला.

गोर्मलनं डोळे पुसले, आणि मग नेहमीच्या आवाजात त्याला खडसावलं. ‘‘तहान लागली तर पाणी मागायचं असतं, तोर्किल. शब्दाचं मूळ सांगत बसायचं नसतं.’’

‘‘आता मागितलं तर?’’

‘‘मागून तर बघ.’’

आणि तोर्किलनं एकाही शब्दाचं मूळ न सांगता, साध्या चार शब्दांत, धक्क्यावर विचारायचं राहून गेलेलं ते मागितलं.